हॉलोवे घाटातलं तिसरं वळण

हॉलोवे घाटाच्या तिसऱ्या वळणावर ग्वेन पुन्हा मेली.

ग्वेन म्हणजे आमची गाडी. एका जुन्या पेट्रोल ट्रकच्या सांगाड्यावर पन्नासेक वर्षांपूर्वी कुणीतरी लाकडाचं आणि पत्र्याचं घर बांधलं. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायला बेसिन आणि खिडकीखाली पुस्तकांची एक फळी. शाळेच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालो तेव्हा वर्नाने ऑस्ट्रेलियातल्या मून्टा गावातलं आमचं घर भाड्याने दिलं आणि आम्ही दोघं ग्वेनमध्ये राहायला आलो. ही कल्पना वर्नाची. माझ्या सगळ्या चांगल्या कल्पना वर्नाच्याच असतात.

खरं तर ‘मेली’ हा शब्द चुकीचा आहे. मेली असती तर बरं झालं असतं. मेलेल्या इंजिनाचं काय ते ठरवता येतं. ग्वेन मरत नव्हती, दमत होती. चढाला लागलं की काही वेळ नीट चालायची, मग कुणीतरी तिच्या तोंडावर हळूहळू हात दाबत असल्यासारखी घुसमटायची. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी वेग उतरत जायचा. तिसरा गिअर, दुसरा गिअर, पहिला, आणि मग ती त्या वळणावर उभी. थोडं थांबून चावी फिरवली की पुन्हा सुरू व्हायची, चार पावलं जायची, पुन्हा घुसमटायची. आणि खाली, आमचा मुक्काम होता त्या तळावर नेली की शिवणाच्या मशिनसारखी चालायची. जणू काही झालंच नाही.

“झालं?” शेजारच्या सीटवरून वर्ना म्हणाली.

“थोडं थांबू. गार झाली की चढेल.”

“काल पण हेच म्हणालास.”

“काल पण चढली नव्हती,” मी म्हणालो. नको त्या वेळी खरं बोलायची मला खोड आहे.

वर्नाने खिडकीची काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. तिच्या मागे, आतल्या घराच्या दाराला, प्लास्टिकच्या वेष्टनात तिचा पांढरा कोट टांगलेला होता. परीटघडीचा. त्या कोटाकडे मी आरशात बघायचं टाळत होतो.

उद्या शनिवार. घाटापलीकडे करिंडीला वार्षिक शो, म्हणजे शेतकऱ्यांची जत्रा होती, आणि त्यात फ्रूटकेकची परीक्षक होती वर्ना. आमच्या भागात मेंढ्यांपेक्षा फ्रूटकेकवरून जास्त भांडणं होतात. कृती सगळ्यांना एकच दिलेली असते, वजनासकट. चेरीचे तुकडे केवढे, केक वरून सपाट आहे की फुगलाय, गार करायला जाळीवर उपडा ठेवला असेल तर त्या तारांचे ठसे उमटलेत का, सगळं बघतात. वर्ना कितीतरी वर्षं परीक्षकांची मदतनीस होती. म्हणजे बशा उचलायच्या, सुरी पुसायची आणि तोंड उघडायचं नाही. वर्नाने तोंड उघडायचं नाही! मग तिने परीक्षकाची परीक्षा दिली, पास झाली, आणि या वर्षी तिला पहिलं बोलावणं आलं. सकाळी नऊला हॉलची दारं लागतात. परीक्षक आत नसेल तर सुरी राखीव परीक्षक थेल्मा हॅनाफर्डच्या हातात जाते, आणि तिचा स्वतःचा केक स्पर्धेतून काढतात.

“थेल्मा ठसे माफ करते,” वर्ना पुढच्या काचेतून बघत म्हणाली. “म्हणते, चवीला काय फरक पडतो.”

मी चावी फिरवली. ग्वेन सुरू झाली, चार पावलं गेली आणि घुसमटली. रुंद जागा बघून मी तिला पुढे-मागे करत वळवलं आणि उताराने घरंगळत पुन्हा विल्गा क्रीक या ओढ्याकाठच्या तळावर आणलं. घाट टाळून डोंगराला वळसा घालायचा तर सगळा दिवस जातो, आणि सपाटीवरही ती केव्हा घुसमटेल याचा भरवसा उरला नव्हता.

तळावर गाडी लावली, बॉनेट उघडलं, आणि पाण्यात पावाचा तुकडा टाकल्यावर मासे वर यावेत तसे दोघं आलेच.

आमच्या या फिरत्या जगात रीत अशी की बॉनेट उघडं दिसलं की पुरुष जमतात. हातात चहाचा मग घेऊन येतात, आत वाकतात आणि मत देतात. बायका गाडीच्या बाजूला काढलेल्या कापडी छताखाली खुर्च्या टाकून बसतात. त्यांना बॉनेटपाशी कुणी बोलावत नाही, त्याही येत नाहीत. आणि मदत नको असं म्हणायचं नसतं. ते म्हणजे दारात आलेल्याला उभ्या उभ्या परत पाठवण्यासारखं. धीट माणसालाही ते जमत नाही. मला तर शाळेत पुस्तकं उशिरा परत करणाऱ्या पोरांनाही कधी रागावता आलं नाही.

आलेल्यांपैकी एक लिन्डसे ओट्स, आयुष्यभर टेलिफोनच्या तारा दुरुस्त केलेला सडपातळ माणूस. त्याच्या मते जगातला प्रत्येक बिघाड विजेचा असतो. दुसरा केल्विन बार्ट्राम, लांबच लांब मालट्रक चालवून निवृत्त झालेला. त्याच्या मते प्रत्येक बिघाड पेट्रोलचा असतो. हे दोघं एकमेकांच्या शेजारी गाड्या लावतात आणि वर्षाचे सहा महिने भांडतात.

काल लिन्डसेची पाळी होती. ठिणगी जिथून जाते त्या डब्यातला कंडेन्सर त्याने बदलला. आपल्या बिस्किटाच्या डब्यातून दुसरा काढून घातला. “हा जुना आहे पण अस्सल आहे. आताचे मिळतात ते कचरा.” मग तळाभोवती गाडी फिरवली, मस्त चालली, लिन्डसेने हात पुसले आणि जाहीर केलं की काम झालं. आज सकाळी मी टाकी काठोकाठ भरली, आणि तिसऱ्या वळणावर ग्वेन उभी राहिली.

“कंडेन्सर!” केल्विन इतका हसला की त्याच्या मगातला चहा सांडला. “लिन्डसे, तुला गाडीत टेलिफोन बसवायचाय का रे?”

“माझ्या कंडेन्सरला काही झालेलं नाही. आता कॉइल बघायची.”

“आता माझी पाळी. बाजूला हो. एडगर, पाना दे.”

मी पाना दिला. माझ्या दुसऱ्या हातात ग्वेनचं दुरुस्तीचं पुस्तक होतं. ते मी तीनदा वाचलंय, आणि प्रामाणिकपणे सांगतो, गद्य चांगलं आहे. ‘इंजिन दमते’ या मथळ्याखाली त्यात इतकी कारणं दिलीत की ती वाचून एखादं इंजिन न दमता चालत असेल यावरचा विश्वासच उडतो. माझी इच्छा एवढीच होती की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, मग चालवून बघावी, मग दुसरी.

“केल्विन, मला वाटतं की आपण आधी—”

“पुस्तक मिट, बाबा. पेट्रोल सांडेल त्याच्यावर.”

मी पुस्तक मिटलं.

केल्विनने पेट्रोलची गाळणी बदलली, कार्ब्युरेटर उघडून फुंकला, पुन्हा लावला, जाता जाता दोन स्क्रू पिळले. कोणते पिळले आणि किती, ते विचारलं तर म्हणाला, “कानाने पिळले.” तोवर उन्हं कलायला लागली होती. मग तो स्वतः माझ्या शेजारी बसला आणि आम्ही घाटात गेलो. तिसरं वळण पार झालं. केल्विनने माझ्या मांडीवर अशी थाप मारली की माझा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. चौथं वळण पार झालं. पाचव्या वळणावर कुणीतरी तोंडावर हात दाबायला लागलं. तिसरा, दुसरा, पहिला. उभी.

“प्रगती आहे!” केल्विन म्हणाला. “दोन वळणं पुढे आलो. आता नक्की झालं. इंजिनाचा पंप. पेट्रोल ओढायला जोर नाही त्याच्यात. माझ्याकडे एक आहे, थोडा वेगळा आहे, पण बसवू. आज अंधार पडायच्या आत उघडू.”

“थोडा वेगळा म्हणजे?”

“भोकं जुळत नाहीत. ड्रिल आहे माझ्याकडे.”

परत येताना मी मनात हिशोब केला. तीन माणसं, दोन दिवस, एक गाडी. काय बदललं, काय नाही, काय मुळात चांगलं होतं आणि आता बिघडलं, काहीच सांगता येत नव्हतं. आणि दोष त्यांचा नव्हता. मी ‘थांबा’ म्हणालो नव्हतो.

तळावर केल्विन उतरून पंप आणि ड्रिल आणायला गेला. ग्वेनचा पेट्रोलचा काटा मी गाडी घेतली तेव्हापासून बंद आहे, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मी टाकीत लाकडी पट्टी बुडवून बघतो. टाकीचं तोंड कापडी छताच्या बाजूला आहे. वर्ना तिथे खुर्चीत बसून एक सुरी तिसऱ्यांदा पुसत होती. मी झाकण फिरवलं.

वर्ना काहीतरी म्हणाली.

“काय?” गाडी चालवताना मी कानातली ऐकायची यंत्रं काढून खणात ठेवतो. ग्वेनचा आवाज त्यांतून डोक्यात घणासारखा बसतो.

“म्हटलं, आली एथेल मावशी.”

“कोण आलं?”

“अरे, माझी एथेल मावशी. चर्चमधून घरी आली की ती पहिला कमरेचा पट्टा सोडायची. असाच उसासा यायचा. अख्ख्या घराला ऐकू जायचा.”

मी झाकण हातात घेऊन उभा राहिलो. “कसला उसासा?”

“ते झाकण काढलंस की येतो ना तो. फूऽऽस करून. ओढल्यासारखा.”

“आत की बाहेर?”

“काय आत की बाहेर?”

“हवा, वर्ना. आत जाते की बाहेर येते?”

तिने सुरी खाली ठेवली. “आत. तुझ्या बाहीचा काठ पण आत ओढला गेला आत्ता. तुला दिसत पण नाही का?”

“दर वेळी येतो?”

“फेरी मारून आलास की येतो. लांब जाऊन आलास तर मोठा येतो. आज सकाळी तर मला वाटलं मावशीच बसलीय आत.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“मला कुणी विचारलं?” वर्नाचा आवाज चढला. “दोन दिवस तुम्ही तिघं त्या भोकात डोकी खुपसून उभे. मला वाटलं जुन्या गाड्या करतात तसं. मला काय माहीत, आवाज करायला नको होता म्हणून!”

मी आत गेलो, कानात यंत्रं घातली, चष्मा पुसला आणि झाकण उलटं करून उजेडात धरलं. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. टाकीतून पेट्रोल जातं तेवढी हवा त्या भोकातून आत यावी लागते. इथे भोक नव्हतं. तिथे सिलिकॉनचा एक करडा, गुळगुळीत, नीटनेटका ठिपका होता.

तो ठिपका माझाच होता. मागच्या महिन्यात आम्ही उत्तरेला कच्च्या रस्त्याने गेलो. तिकडे पिठासारखी लाल धूळ उडते; म्हणून निघण्याआधी सगळे आपापल्या गाड्यांच्या फटी सिलिकॉनने बुजवतात. शेजाऱ्याने नळी दिली आणि म्हणाला, एकही भोक सोडू नकोस. मी सोडलं नाही. मी सांगितलेलं काम नीट करणारा माणूस आहे.

म्हणजे बिचारा पंप बंद बाटलीतून दूध ओढणाऱ्या बाळासारखा ओढत होता, ओढत होता, आणि शेवटी त्याच्या तोंडात काही येत नव्हतं. मी पट्टी बुडवायला झाकण काढलं की टाकी श्वास घेणार, आणि त्या दिवशी ज्याने जे बदललं असेल त्याला यश मिळणार. सगळ्यांत वाईट म्हणजे, टाकी जितकी भरलेली तितकी आतली हवा कमी, आणि घुसमट लवकर. घाटाला लागायच्या आधी खबरदारी म्हणून मी ती काठोकाठ भरत होतो.

की असं नव्हतंच? हे सगळं मला आत्ता पटत होतं. पण दुरुस्तीच्या पुस्तकातलं प्रत्येक कारणही वाचताना मला पटलं होतं.

“वर्ना, ती केक तपासायची सळई दे जरा.”

“तिला हात लावायचा नाही.”

“मग सेफ्टी पिन तरी दे.”

मी पिनेने ठिपका उकरत होतो तेव्हा केल्विन ड्रिल घेऊन आला. मागून लिन्डसे.

“केल्विन,” मी म्हणालो. “पंप उघडायचा नाही.”

“का?”

“झाकण होतं. भोक बुजलं होतं.”

केल्विनने झाकण हातात घेतलं, फिरवून बघितलं, परत दिलं. “एडगर, मी अर्धा ऑस्ट्रेलिया पालथा घातलाय. झाकणाने गाडी थांबलेली मी बघितलेली नाही.”

“मी म्हणतच होतो पंप नाही म्हणून!” लिन्डसे म्हणाला.

“तू कॉइल म्हणत होतास!”

“पंप नाही असं पण म्हणत होतो.”

“हे बघ,” केल्विनने ड्रिल जमिनीवर ठेवलं, “चल आत्ता घाटात. चढली तर मी तुझ्या झाकणाला सलाम करीन.”

पण सूर्य डोंगराला टेकला होता. झाडांवर काकाकुवे आरडाओरडा करत होते. या वेळेला कांगारू रस्त्यावर येतात. घाटात त्या उजेडात जुनी गाडी घालणारा आमच्यात कुणी नाही, केल्विनही नाही. त्यालाही ते कळलं.

“मग असं करू,” तो वर्नाकडे वळून म्हणाला, “सकाळी सहाला मी तुला माझ्या गाडीतून पोचवतो. कोटाला सुरकुती पडू देणार नाही. एडगर इथे बसून झाकणं तपासू दे.”

वर्ना माझ्याकडे वळली.

“एड. खात्री आहे?”

मला ‘हो’ म्हणायचं होतं. दुसरा कुठलाही नवरा ‘हो’ म्हणाला असता.

“साठ टक्के,” मी म्हणालो.

“सत्तर पण नाही?”

“पासष्ट म्हणू फार तर. ही दोन दिवसांत तिघांच्या हातांतून गेली आहे, वर्ना. मूळ कारण मला सापडलं असेल. पण आम्ही नवीन काय करून ठेवलंय ते मला माहीत नाही.”

“एकदा तरी,” ती दातओठ खात म्हणाली, “एकदा तरी आयुष्यात खोटं बोल ना रे!”

“तू जा केल्विनबरोबर.”

“मी कुणाबरोबर जायचं ते तू नको ठरवूस!” ती उठली, खुर्ची मिटली, पुन्हा उघडली. मग केल्विनकडे वळली. “मी आमच्या गाडीतून जाणार. तू मागून ये. थांबली तर मी तुझ्या गाडीत बसेन. चालेल?”

“चालेल म्हणजे काय,” केल्विन म्हणाला, “मला तर बघायचंच आहे.”

रात्री आम्ही चॉप्स आणि डब्यातलं बीट खाल्लं, आणि एकमेकांशी मिठापुरतं बोललो.

सकाळी निघालो. कानात यंत्रं ठेवूनच. डोकं फुटायची वेळ आली, पण काढली नाहीत. आरशात केल्विनचे दिवे, त्याच्या शेजारी लिन्डसे. तो तर कुणी बोलावलं नसताना बसला होता. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यावर मी श्वास रोखला. कुणाचा हात तोंडावर आला नाही. ग्वेन गुरगुरत, वाफाळत, पण एका सुरात चढत राहिली. पाचवं वळण मागे पडलं. माथ्यावर पोचलो तेव्हा केल्विनने लांबलचक हॉर्न वाजवला. तो सलाम होता की थट्टा, कळायला मार्ग नव्हता.

वर्नाने पेपरमिंटची पुडी काढली. एक स्वतः खाल्ली, एक माझ्या तोंडात घातली.

“पासष्ट टक्के,” ती म्हणाली, पण चांगल्या आवाजात.

घाट उतरलो. सपाटी लागली. दोन्ही बाजूंना गव्हाचं शेत, लांब समोर करिंडीची धान्याची कोठारं दिसायला लागली. आणि तिथे, भर सपाटीवर, इंजिन बंद पडलं. घुसमटणं नाही, दमणं नाही. कुणीतरी दिवा मालवावा तसं. ग्वेन आपल्या वेगाने थोडी घरंगळली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

केल्विन आमच्याआधीच खाली उतरला होता. “पंप!” तो खिडकीतून म्हणाला. “काल उघडू दिला असतास तर!”

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ‘नाही, हे वेगळं आहे, ऐकू येत नाही का तुम्हाला, हे वेगळं आहे.’ पण वर्ना घड्याळाकडे बघत होती. तिने मागे वळून कोट काढला, सुऱ्यांची पिशवी घेतली आणि दार उघडलं. उतरताना ती रागावलेली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती दमलेली दिसली.

“तू काय करणार?” तिने विचारलं.

“बघतो.”

“पाणी आहे ना?”

“आहे. जा तू.”

ती गेली. लिन्डसे मागच्या सीटवरून माझ्याकडे बघत होता, जणू अंत्ययात्रा निघालीय. धूळ खाली बसली. मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले, आणि हात दुखले. मग खाली उतरून चाकाला लाथ मारली, तर पायही दुखला. आसपास गव्हाखेरीज कुणी नव्हतं, म्हणून मी मोठ्याने शिव्याही दिल्या. मला त्या फारशा येत नाहीत. दोन संपल्यावर त्याच पुन्हा दिल्या.

मग मी बॉनेट उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की बॉनेट उघडं आहे आणि कुणीही येत नाहीये.

कितीतरी दिवसांनी मला कुणी घाई करत नव्हतं. मी झाकण काढलं. उसासा नाही. टाकी नीट श्वास घेत होती. कार्ब्युरेटरला हुंगलं; पेट्रोलचा वास भरपूर. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी येत नव्हती. घुसमटणं ते पेट्रोलचं, दिवा मालवणं हे विजेचं. आणि विजेच्या बाजूला या दोन दिवसांत एकच गोष्ट बदलली होती. बिस्किटाच्या डब्यातली, जुनी पण अस्सल.

काढलेला कंडेन्सर मी जॅमच्या बाटलीत ठेवला होता, कारण मी काही फेकत नाही. एवढासा डबा, एक स्क्रू, एक तार. स्क्रू दोनदा हातातून पडला, एकदा गवतात गेला, आणि तो शोधताना मी गुडघ्यांवर रांगत लिन्डसेच्या अख्ख्या घराण्याचा उद्धार केला. शेवटी बसला. चावी फिरवली आणि ग्वेन पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी तिच्याकडे संशयाने बघत राहिलो. आनंद वगैरे काही झाला नाही. मला फक्त एवढंच वाटलं, की हे कुणाला सांगायला गेलो तर कुणाचा विश्वास बसणार नाही.

तसंच झालं. करिंडीला पोचलो तेव्हा हॉलची दारं बंद होती; आत परीक्षण चालू होतं आणि बाहेर पाटीवर ‘शांतता’ लिहिलं होतं. चहाच्या टेबलापाशी गेलो तर चहा ओतणारी बाई म्हणाली, “तुम्हीच का ते पंप गेलेले?”

“पंप नाही,” मी म्हणालो. “आधी झाकण होतं, आणि मग कंडेन्सर.”

“हो का,” ती दयेने म्हणाली. “साखर?”

मेंढ्यांच्या कुंपणापाशी दोन अनोळखी माणसांनी मला पंप कुठे स्वस्त मिळेल ते सांगितलं. केल्विन मैदानभर फिरून आला होता. त्याला शोधून समजवावं असं मला वाटलं. मग मी ते मनातल्या मनात म्हणून बघितलं: झाकण मी बुजवलं, कंडेन्सर लिन्डसेचा, पंपाला काही झालेलं नाही. ऐकायला निमित्त सांगितल्यासारखं वाटत होतं. मी बाकावर बसून चहा प्यायलो.

दारं उघडली. आत लांब टेबलावर केक ओळीने मांडलेले, प्रत्येकातून एक फोड काढलेली. थेल्मा हॅनाफर्ड दाराशी उभी होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. तिच्या केकपुढे तिसऱ्या क्रमांकाचं कार्ड होतं, आणि मला माझ्या चष्म्यातूनही त्या केकवर तारांचे ठसे स्पष्ट दिसले. वर्ना पांढऱ्या कोटात टेबलाच्या टोकाला. तिच्या हनुवटीला केकचा कण लागला होता आणि ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

“आलास?” ती म्हणाली. “कुणी ओढत आणलं?”

“चालवत आणली.”

“पंप?”

“पंपाला काही झालं नव्हतं. एक बिघाड मी केला होता, एक लिन्डसेने.”

“मला वाटलंच.” मग आवाज खाली आणून, “ते मधले दोन केक कच्चे होते, एड. मधोमध. थेल्माने बक्षीस दिलं असतं.” तिने माझी बाही झटकली. बाहीला गवत लागलेलं होतं. “जेवलास का?”

दुपारी निघायची वेळ झाली तेव्हा केल्विन किल्ल्या हलवत आला. “वर्ना, चल. माझ्या गाडीत गारवा आहे, आणि ती बंद पडत नाही.”

“तू हो पुढे,” वर्ना म्हणाली.

“अगं, पंप—”

“केल्विन, तुला केक खायचाय का गप्प बसायचंय?” तिने उरलेल्या फोडींची एक पुडी त्याच्या हातात कोंबली. तो केक घेऊन गेला.

आम्ही ग्वेनमध्ये बसलो. मी सांगायला तोंड उघडलं: सिलिकॉन, टाकीतली हवा, तो स्क्रू, आणि आता खात्री किती आहे. ते सगळं खरं होतं आणि मला ते कुणालातरी सांगायचं होतं. गाडी मैदानाबाहेर निघाली, रस्त्याला लागली. समोर डोंगर, आणि त्यातून वर जाणारी घाटाची रेघ.

“वर्ना, गंमत अशी झाली की—”

“आत्ता नको.” तिने खिडकीची काच खाली केली आणि डोकं थोडं बाहेर काढलं, टाकीच्या बाजूला. “चढ लागेल आता. मी ऐकतेय.”